लॉबीतली पोवळी

नेरूळ,
मे महिन्यातला रविवार

प्रिय ऋता,

बेटावर तुला नेटवर्क कधी मिळतं, कधी नाही. आणि हे फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज चढेल, म्हणून लिहायला बसले आहे. आधी जेवून घे, मग वाच. जेवताना वाचण्यासारखं यात काही नाही.

दिवाळीत आपल्या सोसायटीच्या लॉबीत काचेची मोठी टाकी बसवली. बाबा तुला सोसायटीच्या प्रत्येक गोष्टीचे फोटो पाठवतात, या टाकीचा मात्र एकही पाठवला नाही. कारण त्यात खाऱ्या पाण्यात जिवंत पोवळी होती. बाबा सेक्रेटरी झाल्यापासून संगमरवर झाला, झुंबर झालं, पण टाकी ही त्यांच्या खास मनातली गोष्ट. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, आमची ऋता लक्षद्वीपला यावरच काम करते. तुझी आठवण येते हे त्यांना कधी सरळ बोलता आलं नाही, म्हणून त्यांनी समुद्राचा तुकडाच विकत आणला. हे ठेवणं गुन्हा आहे, असं तू मला सांगितलं होतंस, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मिळतंय म्हणजे चालतंय. मीही तेव्हा फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मला ती आवडायची. भाजी घेऊन आले की पिशवी खाली ठेवून बघत राहायचे. तपकिरी, शेवाळी फांद्या, आणि त्यांच्यावर उघडमीट करणारी इवलीइवली तोंडं.

एप्रिलच्या शेवटी आपल्या सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर जळला. नंतरही वीज कितीतरी दिवस येत-जात होती. जनरेटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालतो, टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र नाही. वीज आली की सगळ्या इमारतीचे एसी एकदम सुरू व्हायचे. प्रत्येक खिडकीखालून गरम वारा ओकणारी ती धुडं! मी टाकीच्या काचेला हात लावला, तर आंघोळीच्या पाण्यासारखी कोमट लागली. बाबांना म्हटलं, यंत्र जनरेटरवर घ्या. कमिटीत विचारतो म्हणाले. विचारेपर्यंत पोवळी पांढरी पडायला लागली होती.

आणि लोकांना ती आवडली, ऋता! तिसऱ्या मजल्यावरच्या उज्वलाने नातवाला टाकीपुढे उभं करून फोटो काढले आणि मला म्हणाली, "आता मार्बलला कसं मॅच होतंय ना!" मी हसल्यासारखं केलं आणि जिना चढून वर आले. तू मला समजावलं होतंस की पोवळं हा प्राणी, आणि त्याच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला जेवू घालतं. पाणी तापलं की तो जीव इतका हैराण होतो की त्या शेवाळालाच बाहेर काढतो. पांढरा पडला तरी लगेच मरत नाही, उपाशी असतो. म्हणजे आमच्या लॉबीत उपाशी जिवांसमोर लोक फोटो काढत होते. ज्या उन्हाळ्यात तुझ्या बेटाभोवतीचा समुद्र आठवडेच्या आठवडे तापून राहिला, त्या उन्हाळ्यात तू फोन करून नुसती गप्प बसायचीस आणि मी आपली विचारायचे, आज काय जेवलीस. आता मला कळतं, तू पाण्याखाली काय बघून वर आलेली असायचीस.

मग आमच्या पोवळ्यांवर बुळबुळीत लव धरली आणि वास सुटला. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी आल्या, पण फक्त वासाच्या. कुणीतरी रूम फ्रेशनर आणून ठेवला. सडक्या कोळंबीच्या वासात मोगऱ्याचा वास मिसळला की काय होतं, ते तुला सांगत नाही. शेवटी सफाईवाल्याने सगळं काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात टाकलं.

मला वाटलं, संपलं एकदाचं. तर बुधवारी बाबा म्हणाले, चल, पावणे एमआयडीसीत जाऊन नवीन माल बघून येऊ. माल! मी गेले, त्यांना अडवता येईल म्हणून. तिथल्या एका शेडमध्ये निळ्या पिंपांत पोवळ्यांचे तुकडे ठेवले होते. काही छिन्नीने ताजे तोडलेले, वरून एकच बल्ब. शेडचा मालक विलास नावाचा, बोलायला गोड. मी त्याला विचारलं, ही समुद्रातून उपटून आणताना काही वाटत नाही का? तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. समुद्र गरम झालाय, तिकडे पण मरणारच आहेत. त्यापेक्षा इथे चार लोकांनी बघितली तर काय बिघडलं?"

मला त्याच्यापेक्षा जास्त शिसारी आली ती बाबांची. कारण त्यांनी मान डोलावली. ते म्हणाले, "बरोबर आहे." तुझे बाबा, ऋता. पुढच्या आठवड्यात विलासने टाकी भरून द्यायची, असं बाबांनी ठरवलं आणि आम्ही परत आलो. रात्री मी त्यांना हात जोडून सांगितलं, हे करू नका, नाहीतर मी वनखात्यात जाईन. ते हसले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवारी मी गेले. तिथली अधिकारी तुझ्याच वयाची होती. शेडचा पत्ता सांगितला, आमच्या लॉबीचा सांगितला, ज्यांनी माल मागवला त्यांचं नावही सांगितलं. श्यामसुंदर हे नाव लिहिताना तिने मान वर करून विचारलं, "काकू, हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "नवरा." तिने मला पाणी दिलं. उद्या त्यांची गाडी येणार आहे. केस होईल, सोसायटी आमच्याशी बोलणं टाकेल, कदाचित वकील करावा लागेल, हे सगळं मला ठाऊक आहे. बाबा आत्ता आंबे आणायला गेलेत. आले की मीच त्यांना सांगणार आहे, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. ते आधी ओरडतील, मग तुला फोन करतील, आणि म्हणतील, "ती टाकी मी तुझ्यासाठीच केली होती." ते खरंच आहे. माझी बाजू घेऊ नकोस. त्यांना रडू दे. पण आईच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, असं त्यांनी विचारलं, तर त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस.

दार वाजलं.

तुझीच,
आई