सातव्या पायरीवरचा रेडिओ

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी पत्र लिहायला बसलेय ती ताईवर चिडून. काल लोणखेड्याला तिच्याकडे गेले होते. तिच्या ओसरीवर तो रेडिओ अजून आहे. केव्हाचा मुका झालाय, पण ताई रोज पुसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "मन्हा बापनी देयेल शे." सत्तरी ओलांडली मी, तरी ते ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. बाप काय तिच्या एकटीचा होता?

ब्राह्मणपुरीच्या आपल्या घरात तो माडीवर असायचा. कापसाचं साल चांगलं गेलं तेव्हा तुम्ही तो आणलात आणि सुताराकडून त्याला सागाची भक्कम पेटी करून घेतलीत. गावात वीज नव्हती, म्हणून खालच्या कप्प्यात ती धोंड्यासारखी जड बॅटरी. त्याची धूळ कोण पुसायचं? मी. वाऱ्यानं एरियलची तार तुटली की धाब्याच्या मातीच्या छतावर चढून कोण बांधायचं? मीच. ताई तर गाणी लागली की पाच मिनिटांत घोरायला लागायची. तसं तुम्ही मला कबूल काहीच केलं नव्हतं, पण मनातल्या मनात मी तो केव्हाच माझा करून टाकला होता. आणि तिचं लग्न ठरल्यावर एक दिवस जेवता जेवता, भाकरीचा तुकडा मोडत, तुम्ही सहज सांगून टाकलंत की रेडिओ आंदण म्हणून तिच्यासोबत जाईल. मायनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही मान वर केली नाहीत.

हळदीच्या दिवशी दुपारी बैलगाडी दारात उभी आहे, आत कापूस अंथरलाय. गडी मांडवाच्या कामात. तुम्ही मला हाक मारता, "तूच ये. तुले त्याना भार माहीत शे." बॅटरी आधी वेगळी खाली नेली. मग पेटीला गोधडी गुंडाळून चऱ्हाटाचे फेर घेतले. तुम्ही खालच्या बाजूला, उलटं उतरायला. मी वर, दोर हातात. "घाई करू नको. पायरी पायले समजाले पाहिजे, डोयाले नही." तुम्ही पाय रोवून "हां" म्हणायचं, मग मी दोर एक पायरीभर सैल करायचा, असं ठरलं. हां. हां. सहा पायऱ्या सुरळीत झाल्या. सातवीवर अंगणातल्या बायकांच्या घोळक्यातून ताईचं हसणं ऐकू आलं. ते तुम्हीही ऐकलंत, आणि तुमच्या तोंडावर असं कौतुक पसरलं की काय सांगू! माझ्यासाठी तुमचं तोंड तसं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तुमचा "हां" आला नव्हता. मी दोर सोडला.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू आबा, दोर सुटला नाही, मी सोडला. पेटीचा कोपरा तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आला. तुम्ही ओरडला नाहीत, पेटी छातीवर तोलून धरलीत आणि एकदाच वर माझ्याकडे पाहिलंत. माणसं धावत आली तेव्हा म्हणालात, "मन्हा पाय सटकना. पोरले काही बोलू नका." रेडिओला ओरखडासुद्धा नाही. अंगठ्याचं हाड मात्र मोडलं. कन्यादानाला लंगडत उभे राहिलात आणि पुढे जन्मभर लंगडलात.

त्याचाही मान ताईलाच मिळाला. "मन्हा रेडिओपायी आबाना पाय गया," म्हणून ती माहेरी आली की आधी तेलाची वाटी घेऊन तुमच्या पायाशी बसायची. तुम्ही खुशाल पाय लांब करून डोळे मिटायचात. मी चुलीपुढे जळत असायची. रेडिओ तिला, अंगठाही तिलाच! आणि तुम्ही तरी कसले माणूस! पुढेही माडीवरून काही जड उतरवायचं झालं की मलाच हाक मारायचात, दोर माझ्याच हातात द्यायचात आणि स्वतः खाली जाऊन उभे राहायचात. एकदा तरी विचारायचं होतंत मला. मी वाट पाहत होते.

शेवटच्या आजारात तुमच्याजवळ मी होते. पाय मीच चेपायची. डावा पूर्ण, उजवा घोट्यापर्यंत. अंगठ्याला हात लावायची छाती होत नव्हती. एका दुपारी डोळे मिटलेले असतानाच तुम्ही म्हणालात, "हां." झोपेत होतात की जागे, ठाऊक नाही. मी हात काढून घेतला आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

काल ताई पुन्हा तेच बोलली, रेडिओपायी आबाचा पाय गेला, आणि पदरानं डोळे पुसू लागली. एका वाक्यात तिला मोकळं करता आलं असतं. हे पत्र खरं तर तिलाच वाचून दाखवायला हवं. नाही दाखवणार. रेडिओ तिच्याकडे आहे, तर ती टोचणीही राहू दे तिच्याकडेच, असं अजून मनात येतं. अशी आहे मी, आबा.