काउंटेसचे साक्षीदार

शनिवार, २१ ऑगस्ट २०२१

लॉकडाउनचा दहावा दिवस. भास्करने दुपारी सिनेमा लावला – जुना, युरोपातला, खाली इंग्रजी सबटायटल्स. एक काउंटेस तरुण मुलींच्या रक्ताने अंघोळ करते आणि म्हातारी होत नाही! रक्त अगदी बीटाच्या कोशिंबिरीसारखं. मी विणायला बसले होते, एक ओळ झाली नाही.

रविवार, २२ ऑगस्ट

मितालीचा फोन. मंडळाची सेक्रेटरी, फोनवरही इतिवृत्त वाचल्यासारखी बोलते. "काकू, चित्रलेखाबद्दलचं पत्र तयार करतेय. अध्यक्ष तुम्ही, सही तुमची. पुढच्या रविवारपर्यंत."

दहा तारखेला सुरुचीकडे मंगळागौर झाली. आम्ही अकरा जणी, चित्रलेखाही. नंतर तिघींना कोविड, त्यात सुरुची स्वतः. चित्रलेखा सिडनीला जायला बंदी असताना गुपचूप तिथे जाऊन आली आणि तिनेच तो आणला, असं सगळ्या म्हणतात. पत्र जाणार तिच्या ऑफिसला. तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. असं पत्र गेल्यावर कोण वाढवून देणार? पण नियम मोडला असेल तर मी गय करणार नाही.

"पाठव, वाचते," म्हटलं.

मंगळवार, २४ ऑगस्ट

काउंटेस डोक्यातून जाईना. पुन्हा पाहिला. एक गोष्ट पहिल्यांदा निसटली होती – रक्त दिसतं तेव्हा दरवेळी कुणीतरी न्यायाधीशाला हकिगत सांगत असतं! धोबीण, पाद्री, शेजारचा जमीनदार. धोबिणीला पाद्रीने सांगितलं, पाद्रीला जमीनदाराने. ती स्वतः साऱ्या सिनेमात सतरा वाक्यं बोलते. मोजली.

भास्करला म्हटलं, हिला रक्ताने अंघोळ करताना कुणीच पाहिलेलं नाही.

"अगं, व्हॅम्पायर आहे ती! पुरावा कसला मागतेस? चाळीस वर्षांनी तुझं एलएलबी जागं झालं वाटतं."

गुरुवार, २६ ऑगस्ट

तिसऱ्यांदा. शेवटी काउंटेसच्या खोलीचं दार विटांनी चिणतात. चिणणारा गवंडी तिच्याकडे बघत नाही. का? भीती की लाज? दिग्दर्शक सांगत नाही. चांगलं केलं.

मितालीचं पत्र आलं. "विश्वसनीय माहितीनुसार." कुणाची माहिती?

शुक्रवार, २७ ऑगस्ट

मितालीला विचारलं, तू पाहिलंस की ऐकलंस?

"काकू, सगळ्यांना माहितीये ते!"

सगळे म्हणजे कोण?

"सगळे म्हणजे... मला सुरुचीने सांगितलं. तुम्ही काय उलटतपासणी घेताय का?"

हो, म्हटलं.

सुरुचीला लावला. खोकल्याने बोलवेना तिला. उद्या करते म्हणाली.

शनिवार, २८ ऑगस्ट

सुरुची हसलीच. "काय हे काकू! तुम्हीच तर सांगितलंत. फुगड्यांच्या आधी, किचनमध्ये. चित्रलेखाच्या दारात न्यू साउथ वेल्सच्या नंबरप्लेटची गाडी दिसली, बाईसाहेब सिडनीला जाऊन आल्या वाटतं, म्हणालात."

म्हणाले होते. वाटली डाळ वाढता वाढता. गाडी मी पाहिली होती. सिडनी मी जोडली.

संध्याकाळी एक तास चालायला बाहेर पडले. आमच्याच रस्त्यावर न्यू साउथ वेल्सच्याच नंबरप्लेटच्या चार गाड्या! हद्दीपलीकडचं क्वीनबियन गावही न्यू साउथ वेल्समध्येच येतं, इथून अर्ध्या तासावर. बारा वर्षं राहतेय मी इथे गुंगालिनला!

आजवर चित्रलेखाला कुणी काही विचारलंय का? निदान मी तरी नाही. घरी येऊन तिला फोन केला.

"काकू! दोन आठवड्यांत मंडळातून आलेला पहिला फोन तुमचाच. बऱ्या आहात ना?"

गाडी प्लंबरची. क्वीनबियनचा. तिचा गीझर गळत होता. तिची टेस्टही निगेटिव्ह. पत्राचं मी बोलले नाही. मनात म्हटलं, ते उद्या आधी थांबवते, मग सांगेन.

रविवार, २९ ऑगस्ट

सकाळीच मितालीला कळवलं – सही करणार नाही.

"अहो, पत्र शुक्रवारीच गेलं. तुमचं नाव टाकलं खाली. तुम्ही नको म्हणाल असं मनातसुद्धा आलं नाही, काकू!"