फरशीवर ओतलेला तांब्या

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही मला ओरडू शकत नाही, म्हणून बोलते. लिहितेय नात. ती तुमच्याच कॉलेजात मास्तरीण व्हायला शिकते आणि माझं बोलणं मधेच सुधरवते. म्हटलं, "मी सांगते तसं लिही गं, माझा पेपर तपासू नको."

दुष्काळाचं ते साल तुम्ही विसरला नसाल. पाथर्डीकडच्या आमच्या गावात पाखरूसुद्धा टेकत नव्हतं, आणि तुम्ही नगरहून शिकाऊ मास्तर-मास्तरणींनी जीप भरून आलात. ते आमच्या पोरांना शिकवायचे, तुम्ही मागं बसून त्यांना शिकवायचा, आणि शनिवारी आमच्या गावच्या मास्तरांनाही समोर बसवायचा. शाळा नक्की कुणाची चाललीय तेच कळेना. माझा मालक बैलं घेऊन छावणीवर गेलेला. घरात सासूबाई, मी आणि माझी पोरगी. विहिरीच्या तळाला करंगळीएवढा झरा राहिलेला. घरात सगळ्यांत हलकी म्हणून रोज पोरीच्याच कमरेला दोर बांधून तिला खाली सोडायचं. ती वाटीवाटीनं घागर भरायची. दोराला खालून हिसका बसला की वर ओढायचं, ही आमची खूण. कडेचा दगड सुटून खाली गेला की मी हाक मारायची, आणि तिची ओ येईपर्यंत माझा जीव तळाला जाऊन बसायचा. शेजारच्या वाडीत एक पोर असंच विहिरीत दरडीखाली गेलं होतं. "नका सोडू तिला," म्हणावं, तर सासूबाई म्हणायच्या, "मग काय थुंकी गिळून ऱ्हायचं?" त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणून तर भांडताही येत नव्हतं.

त्या दुपारी मी तिला विहिरीवर न्यायला शाळेत आले. पोरं ओट्यावर बसलेली. पुढं तुमची एक शिकाऊ मास्तरीण, नवं कोरं पातळ, हातात तांब्या. उन्हानं पाणी कुठं जातं, ते तिला दाखवायचं होतं. आणि बाई, तिनं तो अख्खा तांब्या तापलेल्या फरशीवर ओतला! प्यायचं पाणी पोरं घरून आणायची. तो तांब्या माझ्या पोरीचा होता.

मी दारातूनच ओरडले, "अगं ए! पोरीच्या जिवावर काढलंय ते पानी! फरशीला तहान लागली व्हती का?"

तिच्या हातातून तांब्याच पडला. मागून तुम्ही उठलात. मला वाटलं, आता हिला झापणार. तर तुम्ही मलाच म्हणालात, "पाठ चालू आहे. संपेपर्यंत खाली बसा." अन् मी बसले! सासूचं कधी इतकं ऐकलं नाही. जन्मात तेवढीच शाळा शिकले मी.

ओल कडेकडेनं आटत गेली. फरशी पुन्हा पांढरी पडली. शिकाऊ बाईनं रडवेल्या आवाजात विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"वर गेलं," माझी पोरगी म्हणाली. कुणी शाबास म्हणायच्या आत तिनंच विचारलं, "मग परत कधी येनार? मला लई खोल उतरावं लागतं."

तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात.

संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात आलात. "कॉलेजला जोडून आमची शाळा आहे, मुलींचं वसतिगृह आहे. हिला माझ्याबरोबर पाठवा."

"आन् पानी कोन काढंल?" सासूबाई म्हणाल्या. "तुमची ती फरशा धुनारी?"

तुमचा गावातला मुक्काम संपला होता. सकाळी जीप निघणार होती. मला दिसायला लागलं, ही बाई आता उठेल, पदर सावरेल, जाईल, आणि उद्या पुन्हा दोर माझ्या हातात.

"मी उतरते," मी म्हणाले.

"तुला वर कोन वढंल?"

"तुमी आन् शेजारीन. दुष्काळानं माझं वजन ऱ्हायलंय कुठं? आन् ती गेली तर एका तोंडाचं पानीबी वाचंल."

पोरगी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिच्यादेखत तिला तांब्याच्या मापानं मापली मी. पण दुसरं कशानं सासूबाई हलल्या असत्या, सांगा. शेवटी त्या म्हणाल्या, "येनी घट घाल तिची. तितं कोन घालनार हाय?"

सकाळी जीप हलली तेव्हा ती तुमच्या मांडीला लागून बसलेली. रडली नाही. माझ्याकडं बघून हातानं हवेतच हिसका दिला, दोराला द्यायची तसा. मला एकदम कळेना, ही वर निघाले म्हणतेय की मला परत ओढ म्हणतेय. आजही रात्री उठून बसते तेव्हा तेच डोक्यात असतं.

विहिरीत मग मी उतरायची. तळाला गार वाटायचं, आणि आभाळ भाकरीएवढं. सासूबाई वरून शिव्या घालायच्या. मी उलटून बोलले की त्यांना कळायचं, सून जिवंत हाय. ती पोरगी पुढं मास्तरीण झाली, ही नात तिचीच. पण तिच्या हातातला खडू बघायला तुम्ही राहिला नाहीत, आणि मला तो राग अजून आहे.

नात विचारतेय, पत्ता काय घालू. काही घालू नको म्हटलं, घडी करून पिठाच्या डब्यामागं ठेव. एवढंच शेवटचं लिही, आणि तिकडं सासूबाई भेटल्या तर बाई, तुम्ही हे त्यांना बोलू नका. पोरगी गेली त्या दुपारी तिच्या वाटचा तांब्या उरला. मला तो पिववेना. सासूबाईंचा डोळा लागला तशी मी तो शाळेत नेला, त्याच फरशीवर सगळा ओतला, आणि संपेपर्यंत खाली बसले.