चौकोनाच्या जागी चौकोन वाचावा

३ फेब्रुवारी, सोमवार
कालच्या लातूरच्या शिबिराने डोळे उघडले. पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी होतं. जेवण साधारण, पण वक्ता जोरदार. म्हणाला, जी संस्था आजही कागदावर 'रु.' छापते ती मागच्या शतकात राहते. हे म्हणताना माझ्याकडेच बघत होता. बहुधा माझ्यातली चमक त्याला दिसली असावी.

परत येताना एसटीत विचार पक्का केला. मलप्पा साहेब मार्चअखेर रिटायर होणार. मॅनेजरची खुर्ची रिकामी. धर्माबादसारख्या गावात आपली संस्था उभी आहे ती लोकांच्या विश्वासावर आणि माझ्या कॉम्प्युटरवर. कॅशियर पंचशीला मॅडम कामाला चांगल्या, पण त्यांची नजर कॅशच्या पलीकडे जात नाही.

संकल्प: मार्चच्या आत संस्थेच्या प्रत्येक कागदावर ₹. मग खुर्ची कुठे जाते!

४ फेब्रुवारी
कीबोर्डवर चारच्या बटणावर ₹ छापलेलं आहे. दाबलं की चार येतो. शिफ्टसोबत दाबलं की डॉलर येतो. कंट्रोल, आल्ट आणि आणखी काहीतरी एकदम दाबलं तेव्हा स्क्रीन उलटी झाली. दुपारपर्यंत मान वाकडी करून काम केलं. मॅडमनी विचारलं, सर, मान लचकली का? हो म्हणालो.

५ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरवाल्या शिवमला लातूरला फोन लावला. म्हणाला, दोन नंबर काउंटरचा कॉम्प्युटर लई जुना हाय, त्याला ते चिन्ह कळणार न्हाई. आधी तो अपडेट करू, मी येऊन जातो, तवर 'रु.'च राहू द्या. मी हो म्हणालो. येऊन जायचे पैसे घेणारा माणूस 'मी येऊन जातो' असंच म्हणणार.

७ फेब्रुवारी, दुपारी
जमलं! इंटरनेटवरून एक फॉन्ट उतरवला आणि ₹ आलं. काय ते रूप! ऑफिसात चिवडा वाटला. साहेबांनी चिवडा खाल्ला आणि विचारलं, नरसिंगराव, 'रु.'ला काय झालं होतं? गाढवाला गुळाची चव काय. (साहेबांबद्दल आदर आहेच.)

लगेच सगळ्या फायलींत 'रु.' काढून ₹ टाकून दिलं. रिप्लेस ऑल. मशीन जरा वेळ गप्प बसलं, मग झालं म्हणालं. शिवमला कळवायची गरज वाटली नाही.

१८ फेब्रुवारी
आज शिल्लकपत्रांची छपाई. दरवर्षी प्रत्येक खातेदाराला आपण एक पत्र देतो: नाव, खाते क्रमांक, आपल्याकडे तुमची इतकी ठेव आहे. यंदा पहिल्यांदाच आकड्याच्या आधी ₹. साहेबांनी काम माझ्यावर सोपवलं, म्हणजे वारे कुठल्या दिशेने वाहतात ते कळलं.

छपाई खाते क्रमांकाप्रमाणे. सुरुवातीचे क्रमांक संस्थापक, संचालक, त्यांचे साले-मेहुणे, मोंढ्यातल्या घाऊक बाजाराचे आडते. स्टाफचे पण त्यातच. एवढे झाले आणि माझ्या प्रिंटरचा टोनर संपला. उरलेले म्हणजे ऑटोवाले, मास्तर, भाजीवाले, मोंढ्यात मिरची खुडणाऱ्या बायका. ते पेन ड्राइव्हवर घेऊन दोन नंबर काउंटरच्या कॉम्प्युटरवर लावले. मॅडम रजेवर होत्या, नाहीतर उगाच मध्ये बोलल्या असत्या. छापून निघालेला गठ्ठा तसाच पाकिटांत घातला. एकेक कागद बघत बसणं हे शिपायाचं काम.

२२ फेब्रुवारी
पत्रं वाटून झाली. आता कौतुकाची वाट बघायची.

२५ फेब्रुवारी
कौतुक अजून नाही. केवळाबाई मात्र आली. मोंढ्यात मिरचीचे देठ खुडते. पोरगी पुनम, तिच्या नर्सिंगसाठी पै पै करून ठेव ठेवली आहे. पत्र काउंटरवर पसरून म्हणाली, साहेब, आमच्या पैशाम्होरं हा डबा कामून हाय?

बघितलं. आकड्याच्या आधी एक रिकामा चौकोन. ₹ नाही. दोन नंबरच्या मशीनचा मठ्ठपणा! मी तिला नीट समजावलं की हा तांत्रिक विषय आहे. तिने विचारलं, त्या डब्यात काय हाय? मी खरं ते सांगितलं: बाई, त्यात काहीच नाही.

तिने चौकोनावरून बोट फिरवलं. मग पत्राची घडी करून पोलक्यात ठेवली आणि गेली. समाधान झालेलं दिसलं.

२७ फेब्रुवारी
समाधान झालेलं नव्हतं असं सौ. म्हणते. तिने मिरची घेताना मोंढ्यात ऐकलं. केवळाबाईने आपलं पत्र तिथल्या बायकांना दाखवलं. सगळ्यांच्या पत्रावर चौकोन. मग कुणीतरी आडते गुरुपादप्पा शेठचं पत्र मागून बघितलं. त्यावर ठळक ₹. आणि आता मोंढाभर एकच बोलणं: मोठ्यांच्या पैशाला शिक्का हाय, बारक्यांचा पैसा डब्यात बंद केला.

किती अडाणीपणा! मी सौ.ला फॉन्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मंगळसूत्रासाठी जमवलेले पैसे तुम्ही कुठल्या खात्यात ठेवलेत? मी म्हणालो, माझ्याच. शिक्क्याच्या. मग ती भाजी निवडायला बसली.

१ मार्च
अफवा मुळातच खुडायला हवी. जाहीर सूचना काढली. भाषा माझी, मुद्देसूद. टोनर अजून आलेला नसल्याने दोन नंबरवरच छापली आणि दारावर चिकटवली. लोक गर्दी करून वाचत होते. फोटो काढत होते. माझ्या लिखाणाचे फोटो काढण्याची गावाची ही पहिलीच वेळ.

दुपारी मॅडम मला हाताला धरून दारापाशी घेऊन गेल्या. सूचनेत लिहिलं होतं: 'ज्यांच्या पत्रावर □ छापले आहे त्यांनी घाबरू नये. □ च्या जागी □ असे वाचावे.'

आशय पोचला असणार. सूचना काढून टाकली. काढताना समोरच्या हॉटेलातले लोक बोलायचे थांबले आणि फक्त बघत राहिले.

३ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, टेबल घेऊन दारात बसा. जो येईल त्याच्या पत्रावर चौकोन खोडून पेनाने 'रु.' लिहा, खाली माझी सही घ्या. लोकांना माणूस दिसू द्या.

पेनाने! 'रु.'! एवढं पुढे आल्यावर मागे जायचं? मी माझा उपाय सांगितला: चौकोनाची सगळी पत्रं परत गोळा करू, नवीन टोनर आला की नवीन देऊ. साहेब दमलेले वाटले. म्हणाले, कागद परत मागू नका हो, लोक काय समजतील. हे वयाचं लक्षण आहे. मी बघतो म्हणालो.

४ मार्च, सकाळी
ऑटोला भोंगा लावून गावात फिरवला: चौकोनवाल्या खातेदारांनी आपापली पत्रं ताबडतोब संस्थेत जमा करावीत. साहेब नांदेडला गेले आहेत. आल्यावर खूश होतील.

४ मार्च, संध्याकाळी
एकही पत्र आलं नाही. झेरॉक्सवाला भेटला. म्हणाला, दुकानातला लॅमिनेशनचा माल संपला. म्हातारी माणसं, बायका, सगळे आपापलं पत्र प्लास्टिकमध्ये घालून नेत आहेत. वर म्हणाला, सर, तुमच्यामुळे धंदा झाला, पण माझी पण ठेव हाय तिथं. काय करू ते खरं सांगा. मी म्हणालो, निर्धास्त राहा. तो हसला नाही.

५ मार्च
आज रांग लागली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसती रांग. मिरचीच्या बायका तशाच कामावरून आलेल्या. त्यांच्या अंगाला मिरचीचा खकाणा, त्यामुळे हॉलभर ठसका. रांगेत फक्त खोकल्याचा आवाज. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकमधलं पत्र आणि एकच मागणी: आमचे द्या.

मॅडम देत राहिल्या. पाणी प्यायला उठल्या नाहीत.

साहेबांनी मला समजावून सांगितलं, जणू मला माहीतच नव्हतं. ठेवी आपण तिजोरीत ठेवत नाही. त्यातूनच कर्ज देतो. कर्ज हप्त्या-हप्त्याने परत येतं. संस्थेत एका पैशाचा घोळ नाही, पण सगळे एकदम मागायला आले तर कुठलीच संस्था उभी राहत नाही. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते.

६ मार्च
रांग वळून चौकापर्यंत गेली. भोकरच्या शाखेतून फोन: तिथेही लोक आले. तिथे तर मी एकही पत्र पाठवलेलं नाही! म्हणजे माझ्या चौकोनाचा काही संबंध नाही, हे सिद्ध झालं. साहेबांना हा मुद्दा सांगितला. त्यांनी हात जोडले. का जोडले कळलं नाही.

चहावाल्याने आज उधार चहा दिला नाही.

७ मार्च, सकाळी
नीट विचार केला. मला कसलीही भीती नाही. चौकोनात काही नाही हे या गावात सगळ्यात जास्त मलाच माहीत आहे. पण माझी ठेवसुद्धा शेवटी संस्थेवरचा एक भारच आहे. अशा वेळी आपल्याच माणसाने भार हलका करायला हवा. शिवाय सौ. परवापासून बोललेली नाही.

ऑफिस उघडायच्या आधी मागच्या दाराने आत गेलो. फॉर्म भरला. मॅडमनी फॉर्म वाचला, मग मला वाचलं. म्हणाल्या, सर, तुमच्या पत्रावर तर चिन्ह नीट आलंय ना? मी म्हणालो, घरगुती कारण. त्यांनी पैसे दिले. म्हणाल्या, माझ्या आईची ठेव पण इथंच हाय सर. मी काढली न्हाई. यात मला टोमणा वाटला. आजकाल बायकांच्या बोलण्यात टोमणे फार.

पिशवी काखेत मारून मागच्या दाराने बाहेर आलो तर पायरीवर केवळाबाई. काल नंबर लागला नाही म्हणून पहाटेच येऊन बसलेली. पुढच्या दाराशी गर्दी, म्हणून मागे सावलीला. तिने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, काय केवळाबाई, बरं आहे ना? ती उठली आणि पुढच्या दाराकडे गेली. चालत नाही, पळत.

मी पिशवी घरी ठेवून परत आलो.

७ मार्च, दुपारी
रांगेत आज ₹वाले पण आले. स्वतः गुरुपादप्पा शेठ, मागे मुनीम. जो तो हेच म्हणत होता, चिन्ह बसवणाऱ्यानंच आपले काढून नेले. एक मात्र चांगलं झालं. मोठे आणि बारके असा भेद आता राहिला नाही. सगळे एकाच रांगेत.

तीन वाजायच्या आत कॅश संपली. मॅडमनी काउंटरची काच लावली. मग आवाज सुरू झाला. इतके दिवस मला शांतता नको वाटत होती, पण आज वाटलं ती बरी होती.

केवळाबाईचा नंबर आलाच नाही. पळत पुढे गेली, पण तिथे आधीच सगळे उभे होते.

८ मार्च, शनिवार
साहेबांना नांदेडला दवाखान्यात हलवलं. बीपी. अध्यक्षांचा फोन बंद. संचालकांच्या ग्रुपवरून एकेक जण लेफ्ट होतो आहे. माझ्या घराच्या कट्ट्यावर सकाळपासून पाच-सहा बायका येऊन बसल्या आहेत. शिव्या नाहीत, काही नाही. मिरची खुडायला बसतात तशा बसल्या आहेत. सौ.ने त्यांना पाणी दिलं. मग तीही त्यांच्याजवळ बसली. मी आतून कडी लावली.

संकल्प: परिस्थिती निवळली की शिवमला एक फोन करायचा.

१० मार्च, सोमवार
सकाळी मोबाइलवर पत्र आलं. खाली उरलेल्या दोन संचालकांच्या सह्या. मलप्पा साहेबांची प्रकृती पाहता आजपासून व्यवस्थापकपदाचा कार्यभार श्री. नरसिंगराव यांच्याकडे देण्यात येत आहे. पत्रात रकमेचा उल्लेख नाही, त्यामुळे चौकोन नाही.

अखेर झालो! मागच्या दाराने येऊन खुर्चीत बसलो. उंच आहे, पाय टेकत नाहीत. हॉलमध्ये मी आणि मॅडम. शटर आतून बंद. बाहेरून लोक त्यावर हाताने मारत आहेत, सगळे एकदम नाही, कधी एक, कधी दोन. मध्येच थांबतात, तेव्हा जास्त भीती वाटते. फटीतून केवळाबाईचा आवाज येतो. पैसे मागत नाही. पुनमच्या कॉलेजची मुदत सांगते, आणि पुन्हा तीच सांगते. मॅडमना म्हणालो, काहीतरी उत्तर द्या. त्या म्हणाल्या, तुम्ही मॅनेजर, तुम्ही द्या.

थोड्या वेळाने मागच्या दाराने पोलीस आले. म्हणाले, जमाव आवरत नाही, तक्रारी आल्यात, आता इथे जबाबदार कोण? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पोलीस साहेबाने कागद पुढे ओढून नाव विचारलं. मी सांगितलं. मग हुद्दा विचारला.

व्यवस्थापक, म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं आणि चला म्हणाले.