अन्वरीभाभींचा डबा

अल मनखूल, दुबई
शुक्रवार

ती. आईस,

वीणाचा नमस्कार. शेजारच्या अन्वरीभाभींची लेक कशफ रत्नागिरीला येतेय, तिच्या हाती हे पत्र देते. आम्ही मजेत आहोत.

निनादला कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात नोकरी मिळतेय. गाव कसलं, दोन रस्ते आणि भोवती बदामाच्या बागा. मी रोज दुपारी फोनवरच्या नकाशात, रस्त्यांच्या फोटोंमधून, तिथे फिरून येते. तिथे कायम सकाळच असते, सावल्या हलत नाहीत. निळ्या दाराचं एक घर मला आवडलंय. त्याच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत मी मनाने कितीदा बसून आले. अंगण, मोकळी हवा, मिहिकाला सायकल. फक्त रस्त्यावर माणूस दिसत नाही.

मिहिकाने विचारलं, "मम्मा, हू विल रिंग अवर बेल?"

इथे बेल वाजतच असते. अन्वरीभाभींचा स्टीलचा डबा नऊ वर्षं आमच्या दोन दारांमध्ये फिरतोय. रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून तो थांबतच नाही. त्यांच्याकडून सांदणं आली की आपल्याकडून पुरणपोळ्या.

इथून मुंबई विमानाने तीन तास. कॅलिफोर्नियातून जवळजवळ पूर्ण दिवस. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

निनाद रविवारी उत्तर कळवणार आहे. मी त्याला हो म्हटलंय.

डबा आठवडाभर माझ्याकडेच आहे. आज शिरा केला, पण त्यात भरला नाही. ही शेवटची खेप ठरली तर, म्हणून.

तब्येतीला जप.

तुझी,
वीणा