खाटकाची लेक ग्लासगोला निघाली

स्किप्टन, यॉर्कशायर
ऑगस्टचा शेवटचा मंगळवार

तीर्थस्वरूप सासूबाई इशबेल गेडीज यांना, त्यांचा (नाइलाजाने का होईना) जावई डेरिक ओल्डरॉइड याचा, दोन्ही हात कोपरापर्यंत स्वच्छ धुऊन केलेला नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे असं विचारणार होतो, पण गेल्या आठवड्यात तुम्ही लार्ग्जहून बोटीने समोरच्या बेटावर गेलात आणि भाड्याच्या सायकलवरून त्याला अख्खी प्रदक्षिणा घातलीत असं शीनाकडून कळलं, तेव्हा गुडघ्याची चौकशी मागे घेऊन सायकलची करतो. खिडकीतून तुमची बिस्किटं पळवणारा तो सीगल अजून येतो का? माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत. त्यात अकरा चुका निघाल्या, त्यांतल्या नऊ मला मान्य आहेत. शाळेतली मास्तरकी सोडून तुम्हाला वीस वर्षं झाली, पण हात अजून तस्साच चालतो, हे पाहून बरं वाटलं.

तुमच्या नातीची बातमी शीनाने तुम्हाला फोनवर सांगितलीच आहे. पण तुमच्या लेकीचं सांगणं तुम्हाला माहीत आहे. 'तमसिनला ग्लासगोला प्रवेश मिळाला, जनावरांच्या डॉक्टरकीला, बाकी ठीक.' संपलं! ओल्डरॉइडांच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी कोणी चढलं नाही (माझा चुलता चढला होता, पण तो छत दुरुस्त करायला), आणि ही बाई त्या बातमीला हवामानाइतकी जागा देते. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

गेल्या सप्टेंबरात तमसिनने जाहीर केलं की ती चार ठिकाणी अर्ज करणार, दोन इंग्लंडात, दोन स्कॉटलंडात. अर्जाबरोबर एक निबंध द्यावा लागतो, मी कोण आणि मला हेच का शिकायचंय असा. तिने तो लिहिला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून शाळेत गेली. आता मला सांगा, टेबलावर ठेवलेली वस्तू वाचायची नसते का? मी वाचला, मला आवडला, पण मला निबंधातलं काय कळतं (तुमची लाल शाई साक्षीला आहेच). म्हणून मी तो दुकानात नेला. आमच्या काउंटरवरच्या पिकल्सबाईंनी तो सॉसेजच्या ट्रेच्या वर, भावफलकाशेजारी चिकटवला आणि खाली पेन्सिल टांगली. दुपारपर्यंत निम्म्या स्किप्टनने अभिप्राय दिले. पोस्टातल्या बाईंनी स्वल्पविराम वाढवले. पाद्रीसाहेबांनी देवाचा उल्लेख सुचवला. मेटकाफ शेतकऱ्याने (वसंतात तमसिन त्याच्याच मेंढ्यांची बाळंतपणं करायला जात होती) समासात लिहिलं, 'पोरगी जुळी कोकरं उलटी असली तरी काढते. हे मोठ्या अक्षरात घाला.'

साडेतीनला तमसिन शाळेतून आली. दारातच थांबली.

"बाबा, ते खाली काढ."

"अगं, लोकांना आवडलंय."

"आत्ताच्या आत्ता काढ. माझ्या आतड्यांची किंमत लावून ठेवल्यासारखं दिसतंय ते!"

काढलं. ती दोन दिवस माझ्याशी फक्त शीनामार्फत बोलली. पण सासूबाई, त्या निबंधात एक परिच्छेद होता, तो मी काढता काढता पुन्हा वाचला. तिने लिहिलं होतं की सात वर्षांची असताना तिने दुकानात मेंढीचं हृदय हातात घेतलं आणि वडिलांना विचारलं, हे बंद कशाने पडलं? 'वडील म्हणाले, सुरीने. उत्तर खरं होतं, पण मला त्याच्या आधीचं हवं होतं. हे चालत कशाने होतं, ते मी तेव्हापासून शोधते आहे.' मला तो प्रसंग आठवतसुद्धा नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी असणार.

इंग्लंडातल्या दोन्ही ठिकाणांहून मुलाखतीआधीच नकार आला. (त्यांची नावं लिहीत नाही. पिकल्सबाईंनी लिहिलीत, शीतगृहाच्या दारावर.) तमसिन म्हणाली, हरकत नाही, स्कॉटलंड आहे अजून. पण मी हवालदिल झालो आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. तुम्हाला तर माहीतच आहे, स्कॉटलंडातल्या पोरांना तिथे फी भरावी लागत नाही आणि आमच्या इकडून गेलेल्यांना पुरेपूर भरावी लागते. मग तमसिन स्कॉटिश का नाही? तिची आई लार्ग्जची, आजी लार्ग्जची, पणजोबा मासे खारवायचे तेही लार्ग्जला. मी कोणाला न सांगता फी ठरवणाऱ्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज ऐकून तुमचीच आठवण झाली. मी सगळी वंशावळ सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"आणि मुलगी राहते कुठे?"

"स्किप्टनला. पण मनाने—"

"मनाचा पत्ता आम्ही धरत नाही, मिस्टर ओल्डरॉइड. घराचा धरतो."

"ती लापशीत मीठ घालते हो! साखर घालून दिली तर खात नाही!"

"शाबास तिची," बाई म्हणाल्या. "पण तसा रकाना नाही."

हे तमसिनला कळलं (शीना शेजारच्याच खोलीत होती). मला वाटलं आता चार दिवसांचा अबोला. पण ती हसली आणि म्हणाली, इकडची सगळी पोरं कर्ज काढून शिकतात, मीही काढीन, माझं मी फेडीन, तू फक्त कुणाला फोन करू नकोस.

मग डिसेंबरात ग्लासगोची मुलाखत. मी सोबत जाणारच होतो. आदल्या दिवशी तमसिनने मला बसवून दोन अटी घातल्या. एक, खायला काही न्यायचं नाही. दोन, तिथे आपल्या दुकानाचं काही बोलायचं नाही. पहिली अट मी हसण्यावारी नेली. दुसरी मात्र लागली. तिला माझी लाज वाटत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. पण म्हटलं, खरंच आहे पोरीचं. जनावरं वाचवायला शिकवणाऱ्यांच्या दारात खाटीक बाप घेऊन कसं जायचं? तेव्हा कोट घातला, टाय लावला, आणि चाळीस सॉसेज-रोल कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून टोपीच्या खोक्यात भरले.

कार्लाइल स्टेशनपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. त्यापुढे गाडीत हीटर जोरात सुरू झाला आणि वासाने डबा जागा झाला. तमसिनने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रक्ताभिसरणाच्या वहीत डोकं घातलं.

तिथे मुलांना आत नेलं आणि आम्हा पालकांना एका खोलीत चहाबरोबर बसवलं. माझ्या एका बाजूला माणसांचे हाडांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला घोड्यांची पैदास करणाऱ्या बाई. "आपण काय करता?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "जनावरांच्याच क्षेत्रात आहे. शेवटच्या टप्प्यात." बाईंनी माझा हात दाबला. "वृद्ध जनावरांची सेवा! किती थोर!" गप्प बसणं मला आयुष्यात पहिल्यांदा इतकं जड गेलं. मग बोलायला नको म्हणून खोकं उघडलं, आणि तासाभरात चाळीसचे चाळीस रोल संपले. हाडांच्या डॉक्टरांनी चार खाल्ले. कुठे मिळतात म्हणून विचारलं, तर मी "ओळखीतल्याकडे" म्हणालो. सासूबाई, माझ्या वडिलांचं आणि माझं नाव पाटीवर आहे, आणि मी "ओळखीतल्याकडे" म्हणालो.

परतीच्या गाडीत मी तमसिनला विचारलं, कठीण होतं का? म्हणाली, एकच प्रश्न. जी जनावरं शेवटी कापलीच जाणार, त्यांच्यावर उपचार करायला तुला कसं वाटेल, असं त्यांनी विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझे बाबा खाटीक आहेत. बाहेर बसलेत, आणि आणू नको म्हटलेले सॉसेज-रोल वाटत असणार. सांगितलं की घाबरलेलं, लंगडणारं जनावर गाडीतून उतरलं तर ते घेत नाहीत, परत पाठवतात आणि शेतकऱ्याला फोन करून झापतात. त्यांच्यामुळे आमच्या भागातले तीन शेतकरी गाड्यांत पेंढा घालायला लागले. जनावर शेवटच्या दिवसापर्यंत नीट जगलं पाहिजे, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी दुकानात कळलं."

मी म्हटलं, "पण तूच तर बोलू नको म्हणालीस दुकानाचं."

"तू बोलायला लागलास की जाहिरात होते, बाबा. मला ते नीट सांगायचं होतं."

त्यानंतर स्किप्टन येईपर्यंत मी पेपर वाचला. (तो उलटा होता, असं तिचं म्हणणं आहे. तिचं खरं मानू नका.)

वसंतात दोन्ही स्कॉटिश विद्यापीठांनी जागा देऊ केली, तिन्ही विषयांत 'ए' मिळाला तर, या अटीवर. तिने ग्लासगो घेतलं. निकालाच्या सकाळी ती फोन घेऊन शीतगृहात गेली आणि दार ओढून घेतलं, कारण तिला एकटीने बघायचं होतं. आम्ही तिघं बाहेर. पिकल्सबाई रांगेतल्या गिऱ्हाइकांना गप्प करत होत्या. बारा मिनिटांनी ती बाहेर आली. ओठ निळे, नाक लाल. "तिन्ही 'ए'," ती म्हणाली, "जीवशास्त्रात त्याहून वरचा." शीना रडायला लागली. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, जन्मभर ज्या क्षणासाठी मांस विकलं तो समोर उभा असताना, काय बोललो? "दार नीट लावलंस ना?" तिने लावलं होतं. तरी मी आत जाऊन बघून आलो, आणि आत जरा वेळ थांबलो. तिथे थंडीने डोळ्यांना पाणी येतं, हे सगळ्या खाटकांना माहीत आहे.

तुम्ही लग्नात म्हणाला होतात की शीनाने डोकं वापरलं नाही. असेलही. पण ते कुठे गेलं, ते आता तमसिन ग्लासगोला पोचल्यावर बघा. रविवारी तुमच्याकडे जेवायला येईल. तिला पाठ ताठ ठेवायला सांगा, आणि आशीर्वाद द्या.

तुमचा आज्ञाधारक (शीनाच्या मते नव्हे),
डेरिक

ता. क. रविवारच्या जेवणाला भाजलेलं मांस करू नका. तमसिनने परवा सांगितलं की मार्चपासून ती मांस खात नाही. मी तिच्या मताचा आदर करतो. हे स्किप्टनमध्ये कोणालाही कळता कामा नये. पिकल्सबाईंना कळलं आहे.

आणखी ता. क. चुका मोजा, पण हे पत्र परत पाठवू नका. ठेवून घ्या.

शेवटचा ता. क. खरं काम राहिलंच. ती म्हणते, पाठीवर बॅग टाकून एकटी ट्रेनने जाईन, कोणी सोडायला यायचं नाही. दुकानाच्या गाडीवर हसणारं डुक्कर रंगवलेलं आहे, ते वसतिगृहाच्या दारात तिला नको आहे. मी डुक्कर झाकायला तयार आहे. पण माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तेव्हा तिला एक फोन करा आणि म्हणा की आजीकडून अभ्यासाचं टेबल घेऊन जा, ते लार्ग्जहून न्यायला बाबाला गाडी घेऊन ये म्हणावं. टेबल नसेल तर कपाट चालेल. काहीही चालेल, सासूबाई, फक्त जड असावं.