उजव्या वळणावरचा हुंकार

५ मार्च
भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. फक्त नोंद करतो. बाबांच्या गाडीत बाबा आहेत. स्पीड वाढवला की पुढून, डाव्या बाजूने, 'हंऽऽ' असं येतं. मी मार्क सांगितले की अगदी असंच यायचं. अंगावर काटा आला. मग बरं वाटलं.

८ मार्च
निरीक्षण: उजवीकडे वळलं की हुंकार वाढतो. ताईचं घर उजवीकडेच. म्हणजे बाबांना ते पसंत नाही. बाबा गेले तेव्हा ताई चारचौघांत म्हणाली होती, "ते होते तेव्हा तुला वेळ नव्हता. आता त्यांच्या गाडीसाठी बरा वेळ आहे." तेव्हापासून बोलणं बंद. मी जायला तयार आहे, पण वडिलांचा शब्द कसा मोडायचा?

११ मार्च, सकाळ
बायको म्हणते, गॅरेजला दाखवा. तिला कसं समजावणार? संकल्प: रेडिओ बंद. रोज बाबांशी मनमोकळं बोलायचं.

१४ मार्च
बाबांचा आवाज चढलाय. स्टिअरिंगही थरथरतं. प्रमोशनचं विचारलं. हुंकार. मी होकार समजलो.

१७ मार्च
बायकोने परस्पर मेकॅनिक बोलावला. त्याने जॅक लावून डावं चाक हाताने फिरवलं. घरघर. म्हणाला, बेअरिंग गेलंय. चाक फिरतं त्याच्यावरच, ते झिजलं की ओरडणारच. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तिथे जास्त. असंच दामटलं तर एक दिवस चाक जॅम होईल. माणूस हुशार आहे, पण वरवरचं बघतो. विचार करून सांगतो म्हटलं.

१९ मार्च
आई त्या गाडीत बसायला तयार नाही, आणि रविवारी तिला ताईकडे जायचंय. नाइलाजाने बेअरिंग बदललं. जुनं डिकीत ठेवा म्हटलं. कशाला, असं मेकॅनिकने विचारल्यावर मी खोकलो.

२२ मार्च, रविवार
गाडी लोण्यासारखी. वळण आलं. कान टवकारले. काहीच नाही. बाबा रागावलेत, बोलत नाहीत, असं धरून सरळ निघालो.
मागून आई म्हणाली, वळायचं होतं ना. मी म्हटलं, बाबांना ते...
"त्यांनी तुला कधी अडवलं?" ती म्हणाली. "थांबव. मी चालत जाते."
उतरली आणि मागे न बघता गेली. मी इंजिन बंद करून बसून राहिलो. गाडीत माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. आज पहिल्यांदा भीती वाटली.